एकशे अठरा नंबरचं बटण

टाकेबाईंनी टोपली टेबलावर उपडी केली, तिच्या बुडावर दोन थापट्या मारल्या आणि पुन्हा उचलून आत डोकावून पाहिलं. खाली पडले होते ते सातच कपडे. तीन मोजे, एक शर्ट, दोन पँटी आणि कुणीतरी चुकून टाकलेला एक टॉवेल, ज्याला काहीच झालेलं नव्हतं.

"एवढंच?"

"एवढंच," लॉन्ड्रीमामा दारातूनच म्हणाले. "मी काय वाटेत खाल्ले?"

मामांवर संशय घेण्यात अर्थ नव्हता. ते स्वतःच्या शर्टाचं बटणसुद्धा बायकोकडून लावून घेत. पण शाळेच्या वसतिगृहात दोनशे दहा मुलगे राहत होते, आणि दोनशे दहा मुलगे म्हणजे चारशे वीस गुडघे. गेली बावीस वर्षं हे गुडघे दर शनिवारी टोपली भरून टाकेबाईंच्या खोलीत येत. टोपलीवर आणखी एक गाठोडं असे ते वेगळंच. या सहामाहीत मात्र उतरती कळा लागली होती. आधी गाठोडं गेलं, मग टोपलीचा काठ दिसायला लागला आणि आता बूड.

टाकेबाई हे नाव मुलांनी ठेवलेलं. त्यांचं खरं नाव मुलांना माहीत नव्हतं आणि मुलांची नावं त्यांना माहीत नव्हती, म्हणजे फिटंफाट. नवा मुलगा आला की त्याला नंबर मिळे, आणि तो नंबर त्याच्या प्रत्येक कपड्यावर लाल दोऱ्याने काढायचं काम टाकेबाईंचं. चेहरे बघायची वेळ क्वचितच येई. शिवणाची खोली मागच्या अंगाला, लॉन्ड्रीच्या वर होती. तिथे खायला काही मिळत नसल्यामुळे मुलं फिरकत नसत. पण कपडा बोलतो. चौऱ्याऐंशी नंबर डावी बाही चावायचा, त्याला घरची आठवण येत असणार. दोनशे तीन खिशात दगड भरायचा. एकसष्ट आणि बासष्ट यांचे खिसे नेहमी एकाच आठवड्यात फाटत आणि दोघांची गचांडी धरलेली जागा एकच असे. टाकेबाईंनी या सगळ्यांचे चेहरे मनातल्या मनात तयार करून ठेवले होते आणि ते बरोबर असणार याबद्दल त्यांना शंका नव्हती.

जिन्यावर बूट वाजले. रेक्टरसाहेब आले, मागे मोजपट्टी घेतलेला शिपाई.

रेक्टरसाहेब पूर्वी भूमिती शिकवत. शिकवणं सुटून नऊ वर्षं झाली, पण भूमिती काही सुटली नव्हती. भिंतीवरचं कॅलेंडर वाकडं दिसलं, तर ते सरळ केल्याशिवाय त्यांना बोलायला सुचत नसे. आत्ताही त्यांनी आधी कॅलेंडर सरळ केलं.

"बाई, ही खोली चार बाय पाच मीटर आहे ना?"

"असेल. मी सुईच्या मापात मोजते."

शिपायाने वाकून फरशीवर खडूची खूण केली. रेक्टरसाहेबांनी टेबलावरच्या सात कपड्यांकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा खुलला.

"बघा. मी म्हणत होतो ना, मुलांना वळण लागलंय. सकाळच्या हजेरीनंतर मी रोज पाच मिनिटं बोलतो, कपड्यांची निगा या विषयावर. त्याचा परिणाम आहे हा."

टाकेबाईंनी टॉवेलाची घडी घातली. पाच मिनिटांच्या भाषणाने पोरांचे गुडघे फाटायचे थांबत असते, तर जगात शिंपी उरले नसते.

"तर असं आहे," रेक्टरसाहेब म्हणाले, "खेळांचं सामान जिन्याखाली ओलीत सडतंय. गोळे, भाले, जाळी, सगळं. ही खोली कोरडी आहे, आणि तुम्हालाही आता काम उरलेलं नाही. इतकी वर्षं केलंत. थोडी विश्रांती घ्या."

"विश्रांती म्हणजे घरी बसायचं?"

त्यांनी पुन्हा कॅलेंडरकडे पाहिलं. ते सरळच होतं.

"दोन शनिवार बघू," ते म्हणाले. "टोपली पूर्वीसारखी भरून आली, तर खोली तुमची. नाही तर त्यानंतरच्या सोमवारी सामान हलवू."

ते गेल्यावर टाकेबाई खिडकीशी आल्या. छप्पन्न वर्षांच्या बाईला दुसरीकडे कोण कामाला ठेवणार, हा प्रश्न होताच; पण त्याहून मोठा प्रश्न खाली मैदानावर धावत होता. चेंडूमागे वीसएक मुलं लागली होती. एकजण घसरत गेला तो चांगला चार हात, गुडघ्यांवर. उठला, हात झटकले आणि पुन्हा पळाला. तिकडे नळांच्या रांगेशी दोघं एकमेकांची कॉलर धरून उभे होते. कुंपणाच्या तारेतून एक महाशय अर्धे आत, अर्धे बाहेर अडकले होते आणि त्यांचा मित्र त्यांना पायाने ढकलत होता.

वळण तर कुठे दिसत नव्हतं. मग एवढं सगळं फाटत होतं, ते जात कुठे होतं?

घरी हा विषय निघाला तो दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाच्या वेळी. घरात त्या आणि त्यांची मोठी नणंद अशा दोघीच. वन्सं टपालखात्यातून निवृत्त झाल्या होत्या. तीस वर्षं पत्रं लावण्यात गेल्यामुळे त्या घरातल्या कपबशासुद्धा गावागावाप्रमाणे लावतात की काय, असं टाकेबाईंना कधीकधी वाटे.

"मुलं फाटकीच हिंडत असतील," वन्सं म्हणाल्या.

"नाही हो वन्सं. वरून बघितलं मी. सगळ्यांचे गुडघे झाकलेले आहेत."

"मग नीट विचार कर. आमच्याकडे एकदा एका पेटीतली पत्रं अचानक कमी झाली. साहेब म्हणाले, लोकांनी लिहिणं सोडलं. मी म्हटलं, लोक असे कशाला सोडतात? जाऊन बघितलं, तर पलीकडच्या गल्लीत नवीन पेटी लागली होती." त्यांनी बशीतला चहा संपवला. "तुझी पण दुसरी पेटी लागलीय कुठेतरी. शोध."

सोमवारी दुपारी मुलं वर्गात असताना टाकेबाई वाळवणाच्या अंगणात गेल्या. लॉन्ड्रीमागे दहा दोऱ्या बांधलेल्या होत्या आणि दोऱ्यांवर शंभरेक पँटी उलट्या टांगलेल्या. टाकेबाई पहिल्या दोरीपासून निघाल्या. प्रत्येक पँटीचे दोन्ही गुडघे हातात घेऊन बघत, बाजारात भाजी पारखावी तशा. मामा कोपऱ्यात साबणाच्या खोक्यावर बसून त्यांच्याकडे पाहत होते.

तिसऱ्या दोरीवर त्या थांबल्या. गुडघ्यावर ठिगळ होतं. व्यवस्थित, चारी बाजूंनी दुमडून बसवलेलं, हाताने शिवलेलं, कारण गुडघ्याचं ठिगळ मशीनवर शिवता येत नाही. पँटचा पाय सुईखाली पसरतच नाही. आणि टाके डावीकडे झुकलेले.

टाकेबाईंनी टाक्यांवरून बोट फिरवलं. हे टाके त्यांचे होते. त्या डावऱ्या. चारचौघींचा तिरपा टाका एका बाजूला झुकतो, त्यांचा बरोबर उलट्या बाजूला. लग्नाआधी त्या शिवणाच्या वर्गात जात, तिथल्या बाईंनी यापायी त्यांना वर्षभर पट्टीचे फटके दिले, तरी तो सरळ झाला नाही. या शाळेत असा टाका घालणारं दुसरं कुणी नव्हतं. पण ही पँट एकशे चाळीस नंबरची होती आणि एकशे चाळीस नंबरची पँट त्यांनी या वर्षात हातात घेतलेली नव्हती.

पुढच्या दोरीवर तसंच आणखी एक ठिगळ. मग कमरेची उसवलेली शिवण, तीही तशीच. मग खिसा.

त्या दोरीला धरून उभ्या राहिल्या. सासूबाईंचं असंच सुरू झालं होतं. दूध तापवून ठेवायच्या आणि अर्ध्या तासाने दूध कुणी तापवलं म्हणून विचारायच्या. आपणही शिवतो आणि विसरतो आहोत की काय? टाकेबाई खरोखर घाबरल्या.

"काय झालं बाई?" मामांनी विचारलं.

"काही नाही. उन्हाचं."

मग त्यांनी ठिगळ आतल्या बाजूने उलटलं, आणि भीती पळाली. आत दोऱ्याची गाठ होती. चांगली टपोरी, वाटाण्याएवढी. टाकेबाईंनी गाठ मारलेली नव्हती, जन्मात नव्हती. त्या दोऱ्याचं टोक टाक्यांखाली दडवत. आणि दोराही त्यांचा नव्हता. तो करडा होता, कुरळा, कुणाच्या तरी मोज्यातून उसवून काढलेला. त्यांनी टाका डोळ्यांजवळ नेला. ठिगळाच्या सुरुवातीला तो घट्ट होता, मग सैल, मग पुन्हा घट्ट. शिवणाऱ्याचं मनगट मध्येमध्ये दुखत होतं, म्हणून तो थांबत होता.

कुणीतरी त्यांचा हात चोरला होता.

राग यायला हवा होता. आधी आलं ते कुतूहल, आणि तेही असं की त्यांना धड जेवण जाईना. शिकला कसा? शेजारी बसून कुणी शिकवल्याशिवाय टाका येत नाही. बघून येत नाही, कारण शिवून झालेल्या टाक्यात तो घातला कसा हे दिसत नाही. ते बघायचं तर टाका उसवावा लागतो, एकेक, सावकाश.

उसवावा लागतो.

त्या जिना चढून खोलीत आल्या आणि शनिवारच्या सात कपड्यांतला शर्ट त्यांनी उचलला. एकशे अठरा नंबर. दुसरं बटण नव्हतं. गेल्या सहा महिन्यांत या शर्टाचं दुसरं बटण किमान सहा वेळा तुटून आलं होतं. टाकेबाईंनी त्यावरून एक बारीक, भेदरलेला मुलगा मनात तयार केला होता, जो छातीशी हात नेऊन सारखं बटण पिळत असणार. आता त्यांनी चष्मा पुसून नीट पाहिलं. पिळून तुटलेल्या बटणाच्या जागी दोऱ्याच्या मिशा राहतात. इथे दोरा साफ कापलेला होता. दोन पँटींपैकी एक त्याचीच निघाली. गुडघ्याला महिन्याभरापूर्वी त्यांनीच लावलेलं ठिगळ तीन बाजूंनी उसवलं होतं. कापडाला ओरखडाही नव्हता.

"अस्सं," टाकेबाई स्वतःशीच म्हणाल्या.

त्यांनी ते ठिगळ पुन्हा लावलं, पण तिरप्या टाक्याने नाही. माशाच्या काट्यासारखा फुलीफुलीचा एक टाका त्यांना येत असे. जाड कापडाला तो चांगला, पण वेळखाऊ, म्हणून शाळेत त्यांनी तो कधी वापरला नव्हता. तो त्यांनी चारी बाजूंनी घातला आणि पँट लॉन्ड्रीत पाठवून दिली.

पहिला शनिवार आला. टोपलीत पाच कपडे. एकशे अठराची पँट त्यांत नव्हती. टाकेबाईंनी ते पाच कपडे अर्ध्या तासात संपवले आणि सोमवारची वाट बघत बसल्या. नोकरी जायची वेळ आली होती आणि या बाई मात्र पुढे काय होतं या उत्सुकतेने दिवस मोजत होत्या. वन्सं म्हणाल्या, तुझं डोकं ठिकाणावर नाही. त्यांना ते पटलं.

सोमवारी दोऱ्यांवर माशाचे काटे होते. चार पँटींवर आणि एका खाकी पिशवीवर. पहिला अगदीच वाकडा, दुसरा बरा, आणि पिशवीवरचा असा की टाकेबाई तिथल्या तिथे मोठ्याने हसल्या. मामा खोक्यावरून उठले.

"मामा, एकशे अठराला उद्या मधल्या सुट्टीत वर पाठवा. नवीन शर्टाचं माप घ्यायचंय म्हणावं."

"त्याचं माप? त्याला एक मोजपट्टी पुरायची नाही," मामा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दारात अंधार झाला. टाकेबाईंनी वर पाहिलं. दाराची चौकट भरून एक मुलगा उभा होता. सहा फुटाला थोडा कमी, मान आणि डोकं एकाच जाडीचं, हात असे की गोळाफेकीचा गोळा त्यांत लिंबासारखा दिसावा. मिसरूड फुटलेलं. याला मुलं रणगाडा म्हणत, हे टाकेबाईंनाही खिडकीतून ऐकून ठाऊक होतं. मनातला बारीक, भेदरलेला मुलगा त्यांनी निमूटपणे पुसून टाकला.

"माप द्यायला बोलावलंय," रणगाडा म्हणाला. एवढ्या देहाच्या मानाने आवाज फारच लहान होता.

"बस. तुझ्या खिशात काय आहे ते टेबलावर ठेव."

त्याने खिशावर हात नेला आणि तिथेच थांबवला. कानांच्या पाळ्या लाल झाल्या. वसतिगृहात सुई, पातं, कात्री ठेवायची बंदी होती. दोन वर्षांपूर्वी एकाच्या उशीखाली पातं सापडलं, तर त्याच दुपारी ट्रंकेसकट त्याला घरी पाठवलं होतं. ते टाकेबाईंनाही माहीत होतं आणि त्यालाही.

"बाई, रेक्टर सरांना सांगणार?"

"आधी ठेव तर."

त्याने आगपेटी काढली. आत कापसात खोचलेल्या दोन सुया, अर्धं पातं आणि मोज्याच्या दोऱ्याचं गुंडाळं होतं. इतकं नेटकं की टाकेबाईंना स्वतःच्या खणाची लाज वाटली.

"कशासाठी रे हे सगळं?"

त्याने सुयांभोवतीचा कापूस पुन्हा नीट दाबला.

"गोळा टाकताना वाकलो की माझी पँट उसवायची. दर आठवड्याला. टोपलीत टाकली की मुलं ओरडायची, रणगाड्याचं पुन्हा फाटलं. म्हणून म्हटलं, आपलं आपण शिवावं. मग तुमचं उसवून उसवून बघितलं." त्याने नाक ओढलं. "मग बाकीचे पण आणायला लागले. शनिवारपर्यंत कोण थांबणार?"

"काय घेतोस त्यांच्याकडून?"

"काही नाही." आणि मग, चोरी कबूल करावी तसा, "मला आवडतं."

बावीस वर्षांत हे वाक्य या खोलीत कुणी उच्चारलं नव्हतं. त्यांनी स्वतःही नाही.

तो आता खोली बघत होता. फरशीवरच्या खडूच्या खुणा त्याला दिसल्या.

"ही खोली खेळाच्या सामानाला देणार ना? गोळे इथेच राहणार, कोरडे." तो खुश होऊन म्हणाला, मग त्याच्या कपाळाला आठी पडली. "पण मग तुम्ही कुठे बसणार?"

त्याला खरंच माहीत नव्हतं. टोपली रिकामी का झाली आणि तिच्यापायी काय चाललंय, हे त्या मोठ्या डोक्यात आलंच नव्हतं. टाकेबाईंच्या जिभेवर उत्तर होतं. ते त्यांनी गिळलं.

"ते बघू. तुझं मनगट दुखतं का?"

त्याने चमकून पाहिलं. "तुम्हाला कसं कळलं? फार दुखतं. हात असा पार उलटा वळवावा लागतो टाका घालायला. तुम्हाला सवय असेल. मला वाटलं, होईल मलापण."

"अरे वेड्या, मी डावरी आहे."

त्याच्या चेहऱ्यावर हे पोचायला थोडा वेळ लागला. मग त्याने आपल्या उजव्या हाताकडे असं पाहिलं, जणू त्या हाताची क्षमाच मागायची होती.

"म्हणजे मी सहा महिने..."

"सहा महिने तू आरशातलं शिवतोयस. इकडे ये. सुई धर. असा नाही, तुला सोपं पडेल तसा धर. आता या बाजूने."

सुट्टी संपल्याची घंटा होईपर्यंत तो शिवत होता. पहिला टाका घातला तेव्हा त्याच्या तोंडून "अरेच्चा" असं निघालं. दहाव्या टाक्यानंतर तो बोलायचा थांबला. टाक्याखाली टोक दडवायचं कसं, हेही त्यांनी दाखवलं. जाताना आगपेटी टेबलावरच राहिली; टाकेबाईंनी हाक मारून ती त्याला परत दिली. असं का केलं, हे त्यांना संध्याकाळपर्यंत कळत नव्हतं.

दुसरा शनिवार. टोपलीत चार मोजे. रेक्टरसाहेब बाराच्या ठोक्याला आले, शिपाई आणि मोजपट्टी बरोबर घेऊनच.

"वाईट वाटतं बाई," ते म्हणाले, आणि त्यांना खरोखर वाटत होतं. "पण काम असतं तर..."

एक आकडा सांगितला असता तर काम होतं. एकशे अठरा. एवढाच शब्द, की दुपारपर्यंत एक ट्रंक फाटकातून बाहेर गेली असती आणि पुढच्या शनिवारी टोपलीवर गाठोडं आलं असतं. टाकेबाईंनी तो आकडा आदल्या रात्री दहा वेळा मनात म्हणून पाहिला होता. आता त्या उभ्या राहिल्या.

"साहेब, टोपली रिकामी आहे. पण फाटायचं थांबलेलं नाही. तुम्ही माझ्याबरोबर खाली चला."

भोजनगृहाच्या ओट्यावर मुलं ताटं घेऊन रांगेत उभी होती. रेक्टरसाहेबांना पाहून रांग आपोआप सरळ झाली. त्यांना ते बरं वाटलं.

"गुडघे बघा," टाकेबाई म्हणाल्या.

"पाय पुढे," रेक्टरसाहेब पहिल्या मुलाला म्हणाले.

मुलाने ताट छातीशी धरून पाय पुढे केला. ठिगळ. दुसऱ्याने केला, शिवण. तिसऱ्याला काही नव्हतं, पण चौथ्याला दोन्ही गुडघ्यांवर होतं. रेक्टरसाहेब चष्मा कपाळावर चढवून वाकले. भूमितीच्या माणसाला तिरप्या रेघा दिसल्या की तो त्या मोजतोच.

"सगळे एकाच कोनात," ते पुटपुटले. "डावीकडे."

"मुलं हल्ली शनिवारची वाट बघत नाहीत. फाटलं की लगेच शिवून होतं. मग टोपलीत काय येणार?"

"हे टाके तुमचेच ना? तुमच्याशिवाय असे उलटे कुणी घालत नाही, मला माहीत आहे."

"या शाळेत हा टाका माझ्याकडूनच आलाय साहेब," टाकेबाई म्हणाल्या. यातला एकही शब्द खोटा नव्हता.

रांगेत मागच्या बाजूला, सगळ्यांच्या डोक्यांवरून, रणगाडा छताकडे बघत उभा होता. त्याच्या पुढे एक किरकोळ, चष्मेवाला मुलगा होता. रेक्टरसाहेब त्याच्यापाशी आले, वाकले, आणि वाकलेलेच राहिले.

"हे काय? हे टाके उजवीकडे आहेत."

टाकेबाईंनीही वाकून पाहिलं. काल किंवा परवा शिवलेलं. त्यांनीच हात सरळ करून दिला होता, आणि बघावं तर ठिगळ असं बसलं होतं की कापड तिथे मुळात फाटलंच नसावं. एवढ्या भीतीतही त्यांच्या मनात आलं, काय पण शिवलंय पोराने!

"बाई? हे कुणाचं?"

रांगेत चमचासुद्धा वाजत नव्हता. सगळ्या मुलांना माहीत होतं, हे टाकेबाईंना त्या शांततेतच कळलं. दोनशे दहा मुलांनी सहा महिने तोंड मिटून ठेवलं होतं, जी मुलं एरवी पाच मिनिटं गप्प बसत नाहीत.

"उजव्या हाताचं आहे साहेब," त्या म्हणाल्या. "नवीनच शिकतोय. आठवडाही नाही झाला."

"उजव्या हाताने शिवायला शिकताय? या वयात?"

"शिकायला वय लागत नाही. सवय मोडायला लागतं."

रेक्टरसाहेबांनी त्या मुलाचा गुडघा अंगठ्याने चाचपला. मग आधीच्या मुलाचा, डावीकडे झुकलेल्या टाक्यांचा, पुन्हा पाहिला. मग पुन्हा हा. सरळ उभे राहताना त्यांच्या चेहऱ्यावर एक जुना मास्तर आला होता.

"राग मानू नका बाई. पण हे जास्त चांगलं आहे. अंतर सारखं, ताण सारखा. बावीस वर्षं तुम्ही उगाच डाव्या हाताने शिवलंत."

टाकेबाईंना ते लागलं. चांगलंच लागलं, आणि त्याच वेळी आपलं कौतुक झाल्यासारखा त्यांचा ऊर भरून आला. दोन्ही एकदम कसं होतं, हे त्यांना नंतर वन्संना समजावून सांगता आलं नाही.

"सामान आणखी काही दिवस जिन्याखाली राहू दे," रेक्टरसाहेब शिपायाला म्हणाले. मग टाकेबाईंकडे वळले. "आणि यापुढे सगळं याच हाताने होऊ द्या."

"होय साहेब."

जेवणं झाल्यावर मामा टोपली घ्यायला वर आले, तर टाकेबाई टेबल ओढत होत्या. बावीस वर्षं ते एकाच भिंतीला होतं, त्यांच्या उजव्या अंगाला खिडकी येईल असं.

"आता हे काय नवीन?"

"धरा त्या बाजूने. खिडकीला टेकवायचंय, आडवं."

दोघांनी मिळून टेबल फिरवलं. पायांचे चार गोल डाग फरशीवर उघडे पडले. टेबलाची अरुंद बाजू आता खिडकीला लागली होती. टाकेबाई आपल्या स्टुलावर बसून पाहू लागल्या. उजेड पूर्वीसारखाच उजवीकडून येत होता. मग त्या उठल्या, कोपऱ्यातलं दुसरं स्टूल त्यांनी टेबलाच्या पलीकडे, बरोबर समोर ठेवलं आणि तिकडे जाऊन बसल्या. तिथे उजेड डावीकडून येत होता. उजवा हात टेबलावर ठेवला, तर त्याची सावली कामावर पडत नव्हती.

स्टूल लहान होतं. ते त्यांनी दोन्ही हातांनी हलवून, दाबून पाहिलं.

"मामा, जिन्याखाली ते जाड बाक आहे ना, खेळाडूंचं?"

"आहे. का?"

"ते वर आणा. आणि एकशे अठराला निरोप द्या, त्याचं माप राहिलंय."